चार तळव्यांएवढी जमीन

चैत्र लागला की आमच्या अंगणात कडुलिंबाच्या मोहोराचा वास सुटतो आणि त्यात थोडा तापलेल्या रबराचा वास मिसळलेला असतो. कडुलिंब शेजारच्यांचा आहे, रबर आमचं. चिकलठाण्याच्या बाजूला ऊन कसं असतं ते काय सांगायचं! भर दुपारी जालना रोडवरून ट्रक गेला की त्याच्या मागे डांबराचा वास बराच वेळ रेंगाळतो, आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीला चुकून कोपर लागलं तर माणसाला आई आठवते. असं ऊन सुरू झालं की रोज सकाळी, चहा व्हायच्याही आधी, बाहेरून हाक येते.

"सूनबाई, हवा बघितली का?"

ही हाक माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हवा म्हणजे वारा-पाऊस नव्हे, गाडीच्या टायरमधली हवा. मग मी पदर खोचून पेनाएवढा मापक हातात घेते आणि एकेका चाकापाशी उकिडवी बसते. समोरच्या घरातल्या बाई झाडांना पाणी घालता घालता माझ्याकडे बघून हसतात. सुरुवातीला त्यांना वाटलं असणार, शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झाल्यावर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. आता त्यांच्या घरचेही लांब गावाला निघायच्या आधी माझ्याकडून मापक मागून नेतात. हवा गार टायरमध्येच बघायची, चालून तापलेल्या टायरमध्ये बघितली तर ती वाढलेली दिसते आणि माणूस घाबरून सोडून देतो, हे मी आतापर्यंत निम्म्या कॉलनीला समजावून सांगितलेलं आहे. शिकवायची सवय काही जात नाही.

मी जन्मभर विज्ञान शिकवलं. दाब, घर्षण, उष्णतेनं होणारं प्रसरण, सगळं फळ्यावर. वर्षानुवर्षं तीच आकृती काढली: एक चौकोन, त्याच्याखाली एक रेघ, आणि दोघांमध्ये एक बाण. त्या बाणावर आपली लेक बसलेली आहे असं कधी मनात आलं नव्हतं. ते आलं सायलीच्या पहिल्या बाळंतपणाच्या उन्हाळ्यात. तेव्हापासून मी रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडे बघते ती खालून वर.

सायली म्हणजे आमची एकुलती एक लेक. नागपूरला दिलेली. सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे चर्चेला जागाच नसते. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नेणार असाल तर आत्ताच न्या, सावकाश न्या, धक्के बसू देऊ नका. आमच्या घरातल्या उंच गाडीत मागचं बाक पुढेमागे सरकतं, पाय लांब करून नीट पडता येतं. नवा सिमेंटचा रस्ताही झाला होता. आमचे हे म्हणाले, "मी जाऊन घेऊन येतो." दादा म्हणाले, "तू कशाला? मी जातो. तू निस्ती गाडी चालव."

दादांच्या या हट्टाला कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं. दादा रस्त्यात जन्मलेले आहेत. निजामाची राजवट संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. त्याच्या आधीचं वर्षभर रझाकारांच्या भीतीनं कुणी लेकीबाळींना रस्त्यावर काढलं नव्हतं. रस्ते मोकळे झाले तशी दादांच्या आईला तिचा भाऊ माहेरी न्यायला आला, दमणी घेऊन. दमणी म्हणजे वर छत घातलेली बैलगाडी. सिल्लोडच्या अलीकडे एका नदीत चाकं भिजवून घ्यायची असा रिवाज होता, कारण लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी बसवलेली असते, तिला धाव म्हणतात, आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसलं की ती धाव ढिली होते. चाक भिजलं की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट होते. त्या वर्षी नदी कोरडी ठक्क होती. मामा घाईत तसाच पुढे निघाला. थोड्या अंतरावर धाव निसटली, गरगर फिरत रानात गेली आणि चाकाचे आरे एकामागून एक मोकळे झाले. दमणी एका अंगावर कलली. आईला तिथंच कळा सुरू झाल्या. सरपण गोळा करणाऱ्या बाया धावत आल्या, त्यांनी बाभळीखाली लुगड्यांचा आडोसा केला आणि दादा जगात आले. गावानं त्यांचं नाव काहीही ठेवलेलं असो, म्हाताऱ्या बायका त्यांना शेवटपर्यंत 'वाटेवरचा' म्हणत.

"माय सांगायची," दादा अजून सांगतात, "तुला बघायच्या आधी मी त्या धावंला बघितलं. रानात जाऊन आडवी पडली, तरी थरथरत हुती."

अशीच एक धाव चाकावर चढवताना मी पाहिली आहे, लग्न होऊन नवीन नवीन गावी गेले तेव्हा. गोवऱ्यांच्या आगीत ते भलंमोठं लोखंडी कडं लालबुंद होईपर्यंत तापवलं. मग चौघांनी पकडींनी उचलून ते लाकडी चाकावर बसवलं. लाकूड पेटलं, धूर झाला, सगळे ओरडायला लागले, आणि वरून भडाभडा पाणी ओतलं. कडं आक्रसलं आणि त्यानं ते सगळं चाक, सगळे आरे, असे आवळून धरले की लाकडातून कटकट आवाज आला. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे वाक्य मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं, पण त्या वाक्याला एवढा धूर असतो हे माहीत नव्हतं.

तर अशा माणसाला चाकांची काळजी असायचीच. दादांची शेवटची बैलजोडी गेली, सासूबाई गेल्या, आणि ते आमच्याकडे शहरात राहायला आले. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते कुठे दिसेनात. बघते तर अंगणात गाडीपाशी बसलेले, हातात करडईच्या तेलाची वाटी, त्यात हळद कालवलेली. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात ना, दिवसरात्र जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना तेल-हळद चोळतात आणि कानात सांगतात की आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दादा तेच करत होते. फक्त गाडीला खांदा कुठे असतो हे त्यांना ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी चारही टायर धरले होते. एका एका टायरला बराच वेळ तेल जिरवून शेवटी ते बॉनेटपाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाया ये." दुसऱ्या दिवशी गाडीला पुरणपोळी दाखवली.

त्यानंतर पोळ्याला तर हे व्हायचंच, पण मधूनमधून सणवार बघूनही व्हायला लागलं. टायर काळेभोर चमकायचे. आमचे हे ऑफिसात कौतुकानं सांगायचे की आमच्या गाडीचे टायर बघा, काल आणल्यासारखे. खरंच तसे दिसायचेही. गाडी फार चालायची नाही, लग्नकार्याला, गावाला, कधी पैठणला. त्यामुळे नक्षी खोल होती. दादा बोट घालून दाखवायचे. "अजून कोरं हाय. माझ्या पणतवंडालाबी पुरंल."

नागपूरला निघायच्या आधीच्या रविवारी यांच्या लक्षात आलं की गाडी जरा वेगात गेली की स्टिअरिंग थरथरतं. म्हणून आम्ही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्यायला जालना रोडवर रफिकभाईंच्या दुकानात गेलो. दादा अर्थातच बरोबर. रफिकभाई म्हणजे मोठं प्रस्थ. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात चष्मा, दुकानात टायरांच्या उतरंडी छताला टेकलेल्या आणि समोर कायम चहा. माणूस बोलका आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश. त्यांनी टायरला हात लावला आणि बोलणं थांबवलं. मग हात नाकाशी नेला.

"दादा, कितने साल हुए?"

"नवंच हाय," दादा म्हणाले.

रफिकभाई हसले. "दादा, आमचे अब्बा सिल्लोडच्या बाजारात बैलाचा धंदा करायचे. बैल नवा हाय का जुना, ते शिंगाला रंग लावलेला बघून कोन सांगतं का?"

"दात बघाया पाहिजे," दादा म्हणाले.

"हौ. ह्याचेबी दात असतात." आणि ते दादांना हात धरून खाली बसवून दाखवायला लागले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांची गर्दी असते, त्यात एका लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कुठल्या आठवड्यात जन्माला आला ते त्याच्या अंगावर कोरलेलं असतं! मी इतकी वर्षं त्या गाडीत बसत होते, तिच्या बाजूला उभी राहून भाजीवाल्याशी बोलत होते, आणि ते आकडे मी कधी वाचले नव्हते. दादांना अक्षरांचा चष्मा नव्हता, म्हणून मी वाचून दाखवले. सायलीचं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हाचे ते टायर होते.

 मग रफिकभाईंनी टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दाबल्याबरोबर काळ्या चकाकत्या कातडीत असंख्य बारीक भेगा उघडल्या, आणि हात काढल्यावर मिटल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडल्या.  खोल कोरी नक्षी, वर चमक, आणि आत हे.

"इसकू तेल कोन लगाया?" रफिकभाईंनी विचारलं.

आमचे हे चटकन रस्त्याकडे बघायला लागले. मी म्हणणार होते की गाडी धुणाऱ्यानं लावलं असेल. पण दादांनीच सांगितलं, "मी लावतो. पोळ्याला."

रफिकभाई त्यांच्याकडे वळले. "खांदेमळणी?"

"व्हय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. रफिकभाई हसले नाहीत. त्यांनी दादांच्या शेजारी स्टूल ओढलं, दुकानातल्या पोराला न सांगता स्वतःच उठून पाणी आणून दिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "दादा, बैल तेल पीता है. रबर नहीं पीता. तेलच रबरकू पीता." सगळा दोष तेलाचा नाही हेही त्यांनी सांगितलं. ऊन लागलं, वय झालं, गाडी उभी राहिली. तेलानं त्यात भर घातली. पण दादा तिथून पुढचं ऐकतच नव्हते. ते त्या भेगांवरून अंगठा फिरवत होते.

मग टायर निवडायची गडबड सुरू झाली. आमच्या यांनी आठवडाभर फोनवर बघून ठेवलं होतं, की जरा रुंद टायर घातले तर गाडीला रुबाब येतो. दादांना मान वर करून बोलायचा धीर आला तो मोठ्या मोठ्या गट्ट्यांचे, ट्रॅक्टरसारखे टायर पाहून. काळ्या रानात रुतणार नाहीत असे. रफिकभाईंनी दोघांनाही नाही म्हटलं. गाडीचं दार उघडलं, दाराच्या चौकटीवर चिकटवलेली पट्टी दाखवली. कुठल्या मापाचा टायर, किती हवा, माणसं भरून गेलात तर किती, सगळं गाडी बनवणाऱ्यानं लिहून ठेवलेलं. "मॅडम, लोक गाडी घेतात, दार उघडतात, बसतात. ये कोई पढ़ता नहीं." मोठ्या गट्ट्यांचे टायर चिखलात चांगले, पण सिमेंटवर ते आवाज करतात, जास्त तापतात. आपल्याला लेक आणायची आहे, रान नांगरायचं नाही. म्हणून सरळ, बारीक नक्षीचे, रस्त्याचे टायर घ्यायचे ठरलं. चारही एकदम, म्हणजे चारही पाय सारखे पडतील. आणि स्टेपनीही. ती तर जमिनीला कधी टेकलीच नव्हती, तरी ती त्याच वयाची होती. गाडीच्या पोटाखाली लटकून म्हातारी झालेली.

नवे टायर दादांनी एकेक करून पाहिले. आधी दात, माझ्याकडून वाचून घेऊन. मग बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकला, अंगठ्यानं दाबलं, वास घेतला. रफिकभाईंची माणसं खोळंबली होती, पण त्यांनी हातानं थांबा अशी खूण केली. दादा बैलबाजारात होते, आणि रफिकभाईंना ते दिसत होतं.

जुने टायर गावी पत्र्यावर ठेवायला न्यावेत असं यांचं म्हणणं पडलं. आमच्याकडे वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून टायर ठेवतात. दादा म्हणाले, "नको. कापून टाका." रफिकभाई म्हणाले, कशाला कापायचे, पत्र्याला चालतील. दादांनी मान हलवली. "पत्र्यावरून कुनी काढून नेलं तर? वरून लई चांगले दिसत्यात. दुसऱ्या कुनाच्या लेकीखाली जायला नकोत." ते कापले जाईपर्यंत दादा दुकानातून हलले नाहीत.

घरी आल्यावर मात्र दादा भाकरी अर्धी ठेवून उठायला लागले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की मी येत नाही. मी विचारलं का, तर म्हणाले, "माझ्या पायगुणानं नको. मी जन्मलो तवा चाक मोडलं. आता पुन्हा मीच तेल घालून घालून..."  बाहेर दुपार रणरणत होती. पंच्याहत्तरीतला माणूस, सगळ्या आयुष्यात कुणाच्या बैलावर चाबूक उगारला नसेल, आणि तो स्वतःला नातीच्या जिवावर उठलेला समजत होता. मला रडू आलं. पण शिक्षकाला रडू आलं तरी तो फळा शोधतो.

मी आत जाऊन वहीचे दोन पुठ्ठे घेऊन आले. दादांना म्हटलं, चला बाहेर, एक गंमत दाखवते. पोर्चमधल्या सावलीत गाडी उभी होती. एक पुठ्ठा मी पुढच्या चाकाखाली समोरून सरकवला, तो अडेपर्यंत. दुसरा मागून. "आता बघा. या दोन पुठ्ठ्यांच्या मधे जेवढी फट आहे, तेवढंच टायर जमिनीला टेकलंय. बाकी सगळं चाक अधांतरी."

दादा वाकले. त्यांनी फटीशेजारी आपला हात ठेवला. अख्खा पंजा नाही, नुसता तळवा. बरोबर बसला.

"एवढंच?"

"एवढंच. चार चाकांचे चार तळवे. एवढ्याशा जमिनीवर ती डोंगराएवढी गाडी उभी आहे. वळते ती एवढ्यावर, थांबते ती एवढ्यावर. आणि दादा, गाडी रबरावरसुद्धा उभी नाही. आतल्या हवेवर उभी आहे. रबर फक्त हवेला धरून ठेवतं."

हे मी त्यांना सांगत होते खरं, पण फट पहिल्यांदाच माझ्याही डोळ्यांसमोर होती. इतकी वर्षं आपण हिच्यात बसून डुलक्या काढल्या, गाणी म्हटली, लाडूचे डबे मांडीवर घेऊन भांडलो, आणि खाली आपल्याला हवा उचलून धरत होती. जिला रंग नाही, जी मुठीत राहत नाही ती. देवळात गेल्यावर जसं आपोआप बोलणं हळू होतं तसं आमचं झालं.

दादा बराच वेळ तळवा तिथं ठेवून बसले. मग म्हणाले, "सूनबाई, एवढ्यावरच चालायचं असंल तर ध्यान ठेवाया कुनीतरी पाहिजे बरूबर."

"पाहिजेच ना."

"मग मी येतो."

पहाटे निघालो. हवा गार टायरमध्ये मोजून, दाराच्या पट्टीवर सांगितली तेवढी. सिमेंटचा रस्ता सरळ, एवढा सरळ की यांना दादा सारखे बोलतं ठेवत होते, झोप लागू नये म्हणून. उजाडल्यावर रस्त्याच्या कडेला फाटलेल्या टायरांच्या काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या, मधूनमधून, कुणाकुणाच्या.  जिथं थांबायचो तिथं दादा आधी उतरायचे आणि चारही टायरांवर हात ठेवायचे, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कोमट असला की पुढच्याकडे. चहा त्यानंतर. एका चहावाल्यानं विचारलं, "बाबा, काय बघताय?" दादा म्हणाले, "ताप." त्यानंही मान डोलावली, जणू रोज कुणी ना कुणी बघतंच.

सायलीला घेऊन परत निघालो ते दुसऱ्या दिवशी, पुन्हा पहाटेच. ती मागे पाय लांब करून पडली होती, डोकं माझ्या मांडीवर. पोटावर हात. यांना वेग वाढवू दिला नाही तो दादांनी. काटा जरा पुढे गेला की ते खाकरायचे. टायरांचा एक बारीक, एकसुरी आवाज येत होता. जुन्या टायरांच्या वेळी तो मी कधी ऐकलाच नव्हता, पण तेव्हाही असणारच. सायलीला झोप लागली. मग माझ्या हाताखाली, तिच्या पोटात, बाळानं पाय मारला. खाली चार तळवे धावत होते आणि वर हा एक, अजून जगात न आलेला. मी पुढे वाकून दादांना सांगितलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त समोरच्या काचेला दोन्ही हात जोडले. पांढऱ्या रस्त्याच्या टोकाला ऊन नाचत होतं आणि आम्ही त्याच्यावरून धक्का न लागता घराकडे येत होतो. मला त्या क्षणी कुठल्याही देवळापेक्षा ती गाडी मोठी वाटली.

दारात मी सायलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. दादा म्हणाले, "गाडीवरूनबी ओवाळ." ओवाळला.

मुलगी झाली, वेळेवर, घराजवळच्या दवाखान्यात, छताखाली, पंख्याखाली. दादांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते म्हणाले, "ही घरातली हाय. वाटंवरची नाय." मग उपरण्यात तोंड लपवून रडले. आनंदानं रडतोय हे लपवायचीही काही गरज नव्हती.

आणि मग पोळा आला.

आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होते. दादा आले, फडताळातली तेलाची बरणी काढली, वाटीत करडईचं तेल ओतलं, चिमूटभर हळद टाकली आणि बाहेर गेले. माझे हात थांबले. एवढं सगळं होऊन दादा विसरले की काय? म्हाताऱ्या माणसाला सवय पायांनी नेते. हाक मारून अडवावं तर सणासुदीला त्यांचा अपमान, आणि गप्प बसावं तर टायर. सायलीनं आतून खुणेनं विचारलं, काय झालं? मी तिला बोट ओठावर ठेवून दाखवलं आणि खिडकीशी गेले.

दादा पुढच्या चाकापाशी बसले होते. वाटी त्यांनी बाजूला, जमिनीवर ठेवली होती. रिकामा, कोरडा हात टायरवर. ते एकेका चाकाकडे गेले, प्रत्येकावर तसाच कोरडा हात फिरवला. मग बॉनेटपाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाया ये."

वाटी उचलून ते घरात आले. सायलीच्या शेजारी बाळ उताणं पडून पाय झाडत होतं. दादा खाली बसले.

"सायले, हिच्या तळव्याला तेल लावू का?"

"लावा ना, आजोबा."

त्यांनी बोट वाटीत बुडवलं. खरबरीत, जन्मभर कासरा धरलेलं बोट, आणि त्याच्यापुढे तो तळवा, ज्याच्याखाली अजून एकदाही जमीन आलेली नव्हती. ते चोळत राहिले, आधी एक, मग दुसरा, फार सावकाश. थोड्या वेळानं त्यांनी तळव्यावरून पालथा हात फिरवून पाहिला. तेल कुठेच उरलं नव्हतं.

दादांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "सूनबाई," ते म्हणाले, "ही पिती बघ."